आफ्टरमार्केट एअर फिल्टरने मायलेज वाढतं का? विकत घेण्याआधी स्वतः कसं तपासायचं

आधी उत्तर सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचे पैसे तरी वाचतील. गाडी फ्युएल इंजेक्शनची (म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर मोजून पेट्रोल सोडतो अशी) पेट्रोल असेल तर बाहेरच्या कंपनीचा महागडा हाय-फ्लो, म्हणजे हवा जास्त मोकळी सोडणारा, फिल्टर लावून मायलेजमध्ये लक्षात येईल असा फरक पडत नाही. पण नुसतं माझ्या सांगण्यावर जाऊ नका, हे घरच्या घरी तपासता येतं, फक्त थोडा धीर पाहिजे.

१. आपलं इंजिन कुठल्या प्रकारचं आहे ते बघा

अशा फिल्टरच्या बॉक्सवरचं लॉजिक ऐकायला एकदम पटतं, हवा मोकळी आली की इंजिनला कमी ताकद लावावी लागते आणि पेट्रोल वाचतं. हवा लागतेही भरपूर, १ लिटर पेट्रोल जाळायला साधारण ९,००० लिटर. पण पेट्रोल इंजिनात फिल्टरच्या पुढे थ्रॉटल नावाची झडप असते, ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा तुम्ही खरं तर हीच झडप उघडता, आणि रोजच्या चालवण्यात ती बराच वेळ अर्धवट बंदच असते. बाहेरच्या हवेचा दाब साधारण १०१ किलोपास्कल, आणि गाडी नुसती उभी राहून चालू असते तेव्हा झडपेच्या पलीकडे तोच दाब ३०-४० पर्यंत उतरलेला असतो. म्हणजे हवा अडवायचं मोठं काम गाडी स्वतःच मुद्दाम करतेय, त्यासमोर स्वच्छ फिल्टरमुळे होणारी दाबाची घट जेमतेम एखाद-दोन किलोपास्कल, तीही इंजिन पूर्ण जोरात हवा ओढत असताना.

फिल्टर मोकळा केला की होतं काय, तर तेवढ्याच स्पीडसाठी तुमचा पाय नकळत जरासा वर येतो, झडप थोडी कमी उघडते आणि इंजिनात हवा पहिल्याइतकीच जाते. हवा तेवढीच म्हणजे पेट्रोलही तेवढंच, कारण ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, हवेचा अंदाज घेऊनच पेट्रोल सोडतो, वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ते प्रमाण सतत तपासत असतो.

अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये याच्यावर टेस्ट केली, आणि त्यांनी उलट्या बाजूने बघितलं, म्हणजे फिल्टर मुद्दाम चोक करून. फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचं मायलेज जवळपास जागच्या जागी राहिलं, मार बसला तो पिकअपला. आता जर चोक झालेल्या फिल्टरनेही मायलेज पडत नसेल, तर चांगल्या फिल्टरच्या जागी अजून मोकळा फिल्टर लावून ते वाढणार कुठून?

कार्ब्युरेटरची (हवेच्या ओढीनेच पेट्रोल मिसळणारी) जुनी गाडी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ईसीयू नाही, सेन्सर नाही, फिल्टर चोक झाला की मिश्रणात पेट्रोल जास्त होतं. अशा गाडीत घाण फिल्टर बदलून साधारण २ ते ६ टक्के मायलेज परत मिळतं, फारच चोक असेल तर अजून जास्त. पण इथेही फायदा घाण काढून स्वच्छ लावल्याचा आहे, कंपनीचा साधा फिल्टर लावलात तरी तेच होईल.

डिझेलमध्ये हवा अडवून स्पीड ठरवत नाहीत, पेडलने डिझेल कमी-जास्त होतं, त्यामुळे फिल्टर फार भरला तर धूर वाढतो, टर्बोवर (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यावर) ताण येतो आणि थोडं मायलेज जाऊही शकतं. त्यालाही उपाय तोच, वेळेवर बदलणं.

२. आत्ता गाडीत असलेला फिल्टर काढून बघा

एअर बॉक्सच्या क्लिपा किंवा स्क्रू काढले की बहुतेक गाड्यांत फिल्टर हातात येतो. नुसता काळपट दिसतो म्हणून फेकू नका, कागदाचा फिल्टर थोडी धूळ बसल्यावर उलट जास्त बारीक कण पकडतो. उजेडासमोर धरून बघा, उजेड अजिबात येत नसेल, घड्यांत माती-पानं भरली असतील, ओला किंवा तेलकट असेल, कडेचं रबर चिरलं असेल तर बदला. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारून साफ करायची सवय खूप जणांना असते, तिने कागदाला डोळ्याला न दिसणारी छिद्रं पडू शकतात, ते टाळा.

३. आधीचं मायलेज नीट मोजा

सगळी गडबड इथेच होते. डॅशबोर्डवरचा आकडा हा गाडीचा अंदाज असतो, त्यावर निकाल लावू नका. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबा, वरून अजून थोडं, अजून थोडं असं भरू नका. ट्रिप मीटर शून्य करा. टाकी बरीच खाली होईपर्यंत चालवा, मग शक्यतो त्याच पंपावर त्याच नोझलने परत फुल करा आणि चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. समजा ४१२ किमी झाले आणि २४.६ लिटर बसलं, तर लिटरला १६.७५ किमी आलं.

एका टाकीवर विश्वास ठेवू नका. ऑटो कट ऑफ दर वेळी थोडा मागेपुढे होतो, आणि वर दिलेल्या उदाहरणात अर्धा लिटर इकडेतिकडे झालं तरी आकडा २ टक्क्यांनी हलतो, म्हणजे ज्या फरकाच्या जोरावर लोक फिल्टरची तारीफ करतात तेवढा फरक नुसत्या भरण्यात निघतो. कमीत कमी तीन-चार टाक्या, तोच रस्ता, साधारण तीच वेळ, एसी वापरायची तीच सवय, आणि टायरमधली हवा दर वेळी तपासून. हवेचं तर लक्षात ठेवाच, चारही टायरमध्ये १ पीएसआय कमी झाली की सुमारे ०.२ टक्के मायलेज जातं, फुकटात सुधारता येणारी गोष्ट आहे ती.

४. फक्त फिल्टर बदला आणि परत मोजा

फक्त या शब्दावर जोर आहे. लोक सर्व्हिसिंगमध्ये ऑइल, प्लग आणि फिल्टर एकदम बदलतात, टायरमध्ये हवा भरून घेतात आणि नंतर मायलेज वाढलं की श्रेय फिल्टरला. आणि जुना फिल्टर तरी स्वच्छ पाहिजे, नाहीतर तुम्ही घाण विरुद्ध स्वच्छ अशी तुलना करताय, साधा विरुद्ध हाय-फ्लो अशी नाही. हाय-फ्लोवर तेवढ्याच टाक्या चालवा आणि मग, कंटाळा आला तरी, परत कंपनीचा लावून तेवढ्याच टाक्या मोजा. मायलेज वाढून परत खाली आलं तर फिल्टरचं काम, वाढलेलंच राहिलं तर ऋतू बदलला असेल, नाहीतर तुमचा पाय हलका झाला असेल. नवीन वस्तू लावली की माणूस जरा जपून चालवतो, हे अगदी साहजिक आहे. काही फिल्टरने इंजिनचा हवा ओढायचा आवाज वाढतो आणि गाडी जोरात पळतेय असं वाटतं, त्या वाटण्याची नोंद वहीत करू नका.

दोन-तीन टक्क्यांच्या आतला फरक या पद्धतीने पकडताच येत नाही, तो शून्य समजा.

५. तरीही घ्यायचाच असेल तर

परत परत धुऊन वापरता येतो म्हणून घेणं हे कारण मला पटतं. पूर्ण थ्रॉटलला थोडी पॉवर वाढू शकते हेही खरं, पण तेवढा पाय आपण दाबतो किती वेळा. घेताना हवा किती जाते यापेक्षा धूळ किती अडते ते विचारा, आयएसओ ५०११ या स्टँडर्डने टेस्ट केल्याचे आकडे दिले असतील तर बघा, कारण फिल्टर असतोच धुळीसाठी. ५ ते २० मायक्रॉनचे कण, केसापेक्षा कितीतरी बारीक, पिस्टन रिंग आणि सिलेंडर घासून काढतात, आणि तो खर्च पेट्रोलच्या बचतीतून कधीच निघणार नाही.

तेल लावायच्या कॉटन फिल्टरला तेल बेताने लावा आणि मुरू द्या, जास्त झालं तर ते उडून एअर फ्लो सेन्सरच्या बारीक तारेवर बसू शकतं, मग सेन्सर चुकीचं माप देतो आणि मायलेज उलट पडू शकतं. उघडे कोन फिल्टर मी तरी सुचवणार नाही, ते बॉनेटखालची गरम हवा ओढतात.

बसवून थोडे दिवस झाले की फिल्टरच्या पुढचा, इंजिनकडे जाणारा पाइप उघडून आतून स्वच्छ पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर माती आली तर एकतर फिल्टर नीट बसलेला नाही किंवा तो धूळ सोडतोय. नीट बसवून परत बघा, तरीही आली तर त्याच दिवशी कंपनीचा फिल्टर परत लावा.