कांजीच्या वहीतले चार रकाने

पुण्यात जपानीच्या वर्गाला जाऊ लागलो, तेव्हा कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरे, केवळ घोकायची असतात एवढीच माझी समजूत होती. जपानमधील नित्य वापराच्या अधिकृत यादीत २१३६ अक्षरे आहेत आणि जपानीच्या एन-५ या सर्वांत खालच्या पातळीपासून वरच्या परीक्षा देताना मी ती एकेक करून पाठ करत गेलो. पुढे कामासाठी कोरियन शिकावी लागली. दुसऱ्याच आठवड्यात बाईंनी ‘तयारी’ या अर्थाचा ‘जुन्बी’ हा शब्द उच्चारला आणि मी चमकलो, कारण जपानीतही तयारीला ‘जुन्बी’च म्हणतात. चिनीतील ‘चुन्बेइ’ आणि व्हिएतनामीतील ‘च्वन बी’ हेही त्याच दोन अक्षरांचे उच्चार आहेत, हे त्यानंतर कळले. आपल्याकडे तत्सम शब्द जसे मराठीपासून बंगालीपर्यंत पसरले आहेत, तसाच हा शब्दसाठा पूर्व आशियात पसरलेला आहे.

त्या दिवसापासून मी वहीच्या पानावर या चार भाषांचे चार रकाने आखू लागलो आणि नव्याने शिकणाऱ्यांनाही हेच सांगतो. ‘शिकणे’ या अर्थाचे अक्षर घ्या. वर तीन फटकारे, मध्ये छप्परासारखी रेघ आणि खाली ‘मूल’ दर्शवणारे चिन्ह, असे त्याचे आठ रेघांचे रूप आज जपान आणि चीन दोन्हीकडे लिहितात. तैवानमध्ये आणि हांजात, म्हणजे कोरियनमधील चिनी अक्षरांत, मात्र सोळा रेघांचे जुने रूप टिकून आहे. आता उच्चार पाहा: जपानी ‘गाकु’, कोरियन ‘हाक’, व्हिएतनामी ‘होक’ आणि चिनी ‘श्युए’. पहिल्या तिघांच्या शेवटी ‘क’ आहे, चिनीत नाही. शेजाऱ्यांनी हे उच्चार घेतले तेव्हा तो ‘क’ चिनीतही होता. उत्तरेकडील बोलींत तो पुढे गळला, दक्षिणेकडील कॅन्टोनीजमध्ये अजून ऐकू येतो. ‘देश’ या अर्थाच्या अक्षराचेही तसेच आहे: कोकु, गुक, क्वोक, पण गुओ. असे दहा-बारा नमुने हाताखालून गेले की नव्या शब्दाचा उच्चार पुष्कळदा अदमासाने सांगता येतो.

अर्थाच्या बाबतीत मात्र अंदाज बांधू नका. ‘मी अभ्यास करतो’ असे सांगण्यासाठी मी एका चिनी सहकाऱ्याला जपानीतील ‘बेन्क्यो’ची अक्षरे लिहून दाखवली, चिनीत त्यांचा अर्थ ‘नाइलाजाने’ असा होतो आणि मला काम नकोसे झाले आहे, असा त्यांचा समज झाला. मराठीतली आणि हिंदीतली ‘शिक्षा’ ज्याला ठाऊक आहे, त्याने ही काळजी घ्यायलाच हवी होती.

हा वारसा चीनकडून एकाच दिशेने वाहिला, असेही मानू नये. ‘तत्त्वज्ञान’ यासाठीचा ‘तेत्सुगाकु’ हा शब्द एकोणिसाव्या शतकात निशी आमाने यांनी जपानमध्ये घडवला आणि तो ‘चश्युए’ होऊन चिनीत, ‘चोलहाक’ होऊन कोरियनमध्ये गेला. कोरियाने तर राजा सेजोंगच्या काळात, १४४६ मध्ये, स्वतःची हांगुल लिपी जाहीर केली. आज जवळजवळ सर्व व्यवहार तिच्यातच चालतो, त्यामुळे तिथे हांजा डोळ्यांना फारसा दिसत नाही, शब्दांच्या पोटात असतो. म्हणून कोरियन शिकणाऱ्याने शब्दकोशात कंसातील हांजा पाहण्याची सवय लावून घ्यावी.

मराठी विद्यार्थ्याला या वारशातला एक धागा पहिल्याच आठवड्यात भेटतो. जपानी वर्णमालेचा क्रम आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे पोहोचलेल्या सिद्धम् या भारतीय लिपीच्या अभ्यासातून तो आला. ‘सा’ची ओळ आपल्या च-वर्गाच्या जागी आहे, कारण तिचा जुना उच्चार ‘च’च्या जवळचा असावा असे मानतात. ‘हा’ला दोन छोट्या रेघा दिल्या की ‘बा’ कसा होतो, हा प्रश्न मी पहिल्या वर्गात विचारला होता. उत्तर त्या क्रमातच आहे: ‘हा’ आपल्या ‘प’च्या जागी उभा आहे आणि एके काळी त्याचा उच्चारही ‘पा’ असाच होता.