गेको जेवत नाही? किडे बदलण्याआधी या चुका टाळा

"पाल अंगावर पडली तर आंघोळ करतात, आणि तू विकत आणलीस?" आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात बिबट्या गेको ही पाळीव पाल आली तेव्हा आजीचा हा पहिला प्रश्न होता. आता तीच रोज विचारते, "जेवली का गं ती?"

गेको पाळणाऱ्या सगळ्यांनाच हा प्रश्न छळतो. खाणं सुटलं की लोक किडे बदलतात, चिमट्याने तोंडापाशी नाचवतात. माझं म्हणणं असं, की आधी टाकीचं तापमान मोजा. दोष बहुधा तिथेच सापडतो.

गेकोला पचनासाठी बाहेरची ऊब लागते, आणि मालव्यातल्या रात्री गार. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी संध्याकाळी पोटभर रातकिडे घातले आणि वीज वाचवायला झोपताना हीट मॅट, म्हणजे टाकी गरम ठेवणारी विजेची चटई, बंद केली. सकाळी अर्धवट पचलेले रातकिडे टाकीत ओकलेले! टाकीच्या एका टोकाची जमीन ३१ ते ३३ अंश आणि दुसरं टोक २४ ते २६ अंश हवं. दोन्ही टोकांना लपायला जागा द्या, म्हणजे ऊब की गारवा हे तिचं ती ठरवते. मॅट थर्मोस्टॅटशिवाय (तापमान आपोआप आवरणाऱ्या यंत्राशिवाय) लावू नका, पोट भाजतं. तापमापकही काचेवर चिकटवून उपयोग नाही, त्याचं टोक ती बसते त्या जमिनीवर हवं.

मे महिन्यात उलटी गत. बाहेर पारा चाळिशीपार असताना टाकी पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका. आतल्या खोलीत, खाली ठेवा. कूलरचा झोतही थेट नको, दमटपणा वाढतो. आणि कोणी देखणा क्रेस्टेड गेको दाखवला तर मोह आवरा. तो न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा, २८ अंशांपुढे त्याचे हाल होतात. उन्हाळाभर एसी चालवणार असाल तर गोष्ट वेगळी.

आता खाणं. बिबट्या गेको फक्त किडे खातो, फळं नाहीत. किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. पिल्लाला रोज, मोठ्या गेकोला दोन-तीन दिवसांआड पुरे. ट्यूबलाइटखालचे किडे किंवा मोरीतली झुरळं फुकट मिळतात म्हणून घालू नका. त्यांच्या अंगावर कोणत्या घरातली फवारणी आहे, कोण सांगणार? काजवे तर थेट विषारी. विकतचे रातकिडे किंवा मीलवर्म नावाच्या अळ्याही आणल्या आणल्या देऊ नका. एक दिवस गाजर, पालेभाजी खाऊ घाला, कारण उपाशी किड्यात पोषण कसलं?

सगळ्यात महागात पडणारी चूक कॅल्शियमची. पिशवीत चिमूटभर पावडर घ्या, किडे टाकून हलवा, भजी पिठात घोळवतो तसं. ठरावीक दिवसांनी डी-३ जीवनसत्त्व असलेली पावडर वापरा. हे राहून गेलं की जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, आणि वाकलेलं हाड सरळ होत नाही. उरलेले रातकिडे रात्रभर टाकीत सोडू नका, ते झोपलेल्या गेकोला चावतात.

वाळवंटी प्राणी म्हणून खाली नर्मदेची वाळू पसरणारे मी पाहिले आहेत. किड्याबरोबर वाळू पोटात जाते आणि आतडं तुंबू शकतं. टिश्यू पेपर किंवा फरशी बरी. कात बोटांवर अडकली तर रक्तपुरवठा तुटून बोट गळतं. कात नीट सुटायला ओलसर जागा हवी. त्यासाठी श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या, बाजूला तिला आत शिरता येईल असं भोक पाडा, आत ओला टिश्यू. पावसाळ्यात हा टिश्यू दोन दिवसांनी बदला, नाहीतर बुरशी धरते.

दोन नर एकत्र ठेवू नका. सातपुड्यातही बिबट्या गेको आहे, २०१४ मध्ये त्याला वेगळी प्रजाती म्हणून नाव मिळालं. जंगलातून धरलेला प्राणी कोणी विकत असेल तर हात लावू नका.

शेपटीकडे लक्ष असू द्या, चरबी तिथेच साठते. मोठ्या गेकोने हिवाळ्यात आठवडाभर तोंड फिरवलं, पण शेपूट जाड आहे, तर घाबरू नका. शेपूट बारीक होत असेल किंवा पिल्लाने तीन-चार दिवस खाल्लं नाही, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठा. इंदुरात असा डॉक्टर सापडला नाही तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. जाताना दर आठवड्याच्या वजनाची वही बरोबर घ्या. डॉक्टर तापमान विचारतील, तेही त्याच वहीत लिहिलेलं असू द्या.