‘हसा!’ म्हणणं बंद केलं

सुट्टीत सोसायटीतल्या सहा पोरांना मोबाइलवर पोर्ट्रेट, म्हणजे चेहऱ्यांचे फोटो, काढायला शिकवत होतो. सगळे चेहरे एकाच छापाचे: मान ताठ, दात बाहेर, डोळे मेलेले. चूक माझीच, ‘हसा!’ ओरडायला मीच शिकवलं होतं. खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायू आकसतो आणि तो सहसा हुकमावर हलत नाही, हे ड्युशेन या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्येच मांडलं होतं.

मग पोरांना महात्मा फुले मंडईत नेलं. आधी परवानगी, मग गप्पा, मग फोटो. एकाने बोलायचं, दुसऱ्याने स्क्रीनवर डोळ्याला टॅप करून फोकस धरायचा आणि बर्स्टमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ झपाझप, फोटो काढत राहायचं. आत उजेड कमी, पहिले फोटो हलले. (हे मला आधी सुचायला हवं होतं.) दाराजवळच्या गाळ्यापाशी आलो आणि काम झालं.

एका पोरीने विचारलं, “मावशी, सगळ्यात जास्त घासाघीस कोण करतं?” मावशींच्या भुवया चढल्या, मग त्या खदखदून हसल्या. पोरीने मात्र हसण्याचा फोटो नाही ठेवला. हसू ओसरताना, पदराने डोळे टिपतानाचा ठेवला.