मुलगी वसईची कॅथलिक, मुलगा नगरचा सीएनआयचा: लग्नाची तयारी कुठून सुरू करायची

असं स्थळ जमलं, म्हणजे एक कॅथलिक आणि दुसरा सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट), की पहिला फोन जातो हॉलवाल्याला, दुसरा केटररला, आणि फादरना भेटायचं आठवतं ते कार्ड छापायला टाकताना. हे उलटं करा. दोघांपैकी जो कॅथलिक असेल त्याने सगळ्यात आधी आपल्या पॅरिशच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, फादरना भेटायचं, दोघं मिळून गेलात तर उत्तमच, आणि तेही लग्नाच्या निदान सहा महिने आधी. कारण दुसऱ्या पंथातल्या, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या पण कॅथलिक नसलेल्या माणसाशी लग्न करायचं तर बिशपांची परवानगी लागते आणि तो अर्ज फादरांच्या हातूनच वर जातो. परवानगी सहसा मिळते, घाबरायचं काही नाही. पण कागद फिरायला वेळ लागतो, मॅरेज कोर्स करायचा असतो, कॅथलिक बाजूला बाप्तिस्म्याचा दाखला नवा काढावा लागतो, सहा महिन्यांच्या आतला, घरातला लॅमिनेट केलेला चालत नाही. मुलाकडचा दाखला त्याचा बाप्तिस्मा जिथे झाला त्या चर्चच्या रजिस्टरमधून, आणि तो अविवाहित असल्याचं त्यांच्या पाळकसाहेबांचं (प्रोटेस्टंट चर्चच्या धर्मगुरूंचं) पत्र.

आता नातेवाईक. कोणीतरी मावशी म्हणणारच, की मुलाला आधी कॅथलिक व्हायला लागेल, तिकडची आत्या म्हणणार मुलीला परत पाण्यात उतरवा. दोन्ही चूक. पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावाने दिलेला सीएनआयचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं, तो परत द्यायचा नसतो, आणि लग्नासाठी कोणालाच पंथ बदलायची गरज नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, नगरकडे मुक्तिफौजेची (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती पंथाची) बरीच कुटुंबं आहेत आणि त्यांच्यात बाप्तिस्मा देतच नाहीत. काही मंडळ्यांत तो मोठेपणी घेतात आणि एखाद्याचा राहून गेलेला असतो. अशा वेळी साध्या परवानगीने भागत नाही, डिस्पेन्सेशन, म्हणजे बिशपांनी नियमातून दिलेली खास सूट, लागतं, त्याशिवाय लग्न चर्चच्या दृष्टीने ग्राह्यच धरत नाहीत. म्हणून हे पहिल्या भेटीतच सांगून टाका.

खरा वेळ द्यायचा तो मुलांच्या प्रश्नाला. अर्जात कॅथलिक व्यक्ती वचन देते की माझा विश्वास मी सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावं म्हणून माझ्याकडून होईल ते सगळं करेन. पूर्वी हे दुसऱ्या बाजूलाही लिहून द्यावं लागायचं, १९७० पासून तसं नाही, पण हे वचन दिलं जातंय हे त्याला माहीत असायला हवं. आणि इथेच लोक गप्प बसतात, फादरसमोर सही करतात, 'बघू नंतर' म्हणतात, मग बाळ तीन महिन्यांचं झालं की दोन्ही आज्या दोन बाप्तिस्म्यांची तयारी करून बसलेल्या. कृपा करून हे साखरपुड्याच्या आधी बोला, तेही दोघांनीच, आईबापांना मध्ये न घेता. बाप्तिस्मा कुठे, रविवारी कोणत्या चर्चला, संडे स्कूलला पाठवायचं की कॅटेकिझमला (कॅथलिक धर्मशिक्षणाच्या वर्गाला), घरी रात्रीची प्रार्थना रोझरीची (मरीयामातेच्या जपमाळेची) की पवित्र शास्त्र वाचून की दोन्ही. मुलाला हे मनापासून पटत नसेल तर त्याने तसं आत्ताच म्हणावं. ते ऐकायला जड जाईल, पण पाळण्यापाशी भांडण्यापेक्षा बरं.

चर्च कुठलं हे मग ठरवा. सकाळी वसईत पापडीला फादर आणि संध्याकाळी नगरला पाळकसाहेब, म्हणजे दोन्हीकडची माणसं खूश, हा बेत बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो. तो होत नाही. वचनं एकदाच, एकाच ठिकाणी, आणि ती घेणाराही एकच. कॅथलिक चर्चमध्ये लग्न असेल तर पाळकसाहेबांना बोलवा, ते वाचन करू शकतात, प्रार्थना करू शकतात, आशीर्वाद देऊ शकतात. नगरच्याच चर्चमध्ये करायचं असेल तर तेही होऊ शकतं, पण त्यासाठी बिशपांकडून आणखी एक वेगळी सूट घ्यावी लागते आणि कारण द्यावं लागतं.

माझं स्पष्ट मत, अशा लग्नात मिस्सा, म्हणजे कम्युनियनसह होणारी कॅथलिक उपासना, ठेवू नका. मिस्सा ठेवली की कम्युनियनच्या वेळी, म्हणजे कॅथलिक लोक पवित्र भाकर घेतात तेव्हा, मुलीकडचे रांगेत आणि मुलगा व त्याची माणसं बाकावर बसलेली, तेही लग्नाच्या दिवशी. मिस्साशिवायचा विवाहविधी आहे, पूर्ण आहे, वाचन, वचनं, अंगठ्या, आशीर्वाद सगळं त्यात येतं. वाचनं निवडताना टोबितच्या पुस्तकातलं घेऊ नका, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ते पुस्तक नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राचा १३ वा अध्याय किंवा कलस्सैचा ३ रा घ्या. आणि प्रभूची प्रार्थना पुस्तिकेत पूर्ण छापा, शेवटासकट. कॅथलिक लोक 'वाइटापासून सोडव' म्हणून थांबतात आणि मुलाकडची मंडळी 'कारण की राज्य, सामर्थ्य आणि गौरव' म्हणत पुढे जाते, मग मुलीकडचे वळून बघतात. फादरशी आधी बोलून ठरवलं तर सगळे मिळून म्हणतात आणि फार छान वाटतं. मरीयामातेसमोर फुलं ठेवायची असतील तर जरूर ठेवा, फक्त सासरच्यांना आधी सांगा, त्या क्षणी चर्चमध्ये कळायला नको.

तारीख घेताना उपवासकाळ (ईस्टरच्या आधीचा) दोन्हीकडे टाळतात, तो वाद नाही. वाद वाईनवर होतो. वसईकडे टोस्टशिवाय रिसेप्शन म्हणजे काहीच नाही आणि नगरच्या किती घरांत दारू उंबऱ्याच्या आत येत नाही. टोस्टला सगळ्यांच्याच ग्लासात द्राक्षाचा रस ठेवा, ज्यांना प्यायचीय त्यांची सोय मुलीच्या घरी आदल्या रात्री होऊ द्या.

कायद्याचं सोपं आहे. दोघंही ख्रिस्ती, म्हणून १८७२ चा ख्रिश्चन मॅरेज अ‍ॅक्ट लागतो, त्यासाठी स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टची ३० दिवसांची नोटीस लागत नाही. मुलगा २१, मुलगी १८ पूर्ण. पाळकांकडे लग्न असेल तर वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७ च्या आतली धरा, कायद्यातच तसं आहे. साक्षीदार दोन, ते कुठल्याही पंथाचे चालतात, म्हणून एक एकेका बाजूचा घ्या. गोव्यात लग्न असेल तर हा कायदा तिथे लागू नाही, आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे जावं लागतं. महाराष्ट्रात चर्चचा दाखला मिळाला की पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंदणी करून घ्या, आणि रजिस्टरमध्ये सही करण्याआधी नावांचं स्पेलिंग आधार आणि पासपोर्टशी जुळवून बघा.