ल्यूटचं संगीत शोधताय? आधी नंबर हातात घ्या

फोंड्याला माझ्याकडे क्लासिकल गिटार शिकणाऱ्यांत अधूनमधून एखाद्याला ल्यूटचं, म्हणजे जुन्या युरोपीय तंतुवाद्याचं, वेड लागतं. यूट्यूबवर डाउलंड हा जुना इंग्रज ल्यूटकार ऐकलेला असतो आणि प्रश्न ठरलेला: ‘सर, हाचें पुस्तक खंय मेळटा?’ माझा उलटा प्रश्नही ठरलेला. कुठली रचना, आणि तिचा नंबर काय?

नावावर विसंबून काही हाती लागत नाही. सोळाव्या शतकातल्या ल्यूटवादकांनी ‘फँटसिया’ आणि ‘रिचेरकार’ ही नावं इतकी वापरलीत की फ्रांचेस्को दा मिलानो या एकाच माणसाच्या डझनावारी फँटसिया सापडतात. आर्थर नेसने त्याच्या रचना संपादित केल्या, हार्वर्डने त्या १९७० साली छापल्या आणि प्रत्येकीला क्रमांक मिळाला. आता ‘नेस ३३’ म्हटलं की गोंधळ संपला. डाउलंडसाठी डायना पूल्टन आणि बेझिल लॅम यांचं संपादन, फेबरने १९७४ साली काढलेलं. तिथे त्याची गाजलेली रचना ‘लाक्रिमे’ १५वी. जुनं विकत घेणार असाल तर १९८१ची तिसरी आवृत्ती मागा. छापील ग्रंथांसाठी हॉवर्ड मेयर ब्राउनची १९६५ची सूची आहे. १६०० पूर्वी छापलेल्या वाद्यसंगीताच्या पुस्तकांची त्यात वर्षवार नोंद मिळते. हस्तलिखित असेल तर ग्रंथालयाचा दाखल क्रमांक हाच त्याचा पत्ता. केंब्रिजचं ‘डीडी.२.११’ हे त्यातलं सर्वांत उपयोगाचं.

संपादन घ्यायचं तर चिकित्सक आवृत्ती, आणि ती म्हणजे काय हे मराठी वाचकाला फार समजवायला नको. भांडारकर संस्थेने महाभारताच्या पोथ्या ताडून जे केलं, तेच इथे छोट्या प्रमाणावर. उपलब्ध प्रती जुळवायच्या, एक पाठ ठरवायचा, पाठभेद नोंदवायचे. म्हणून पुस्तक हातात आलं की आधी शेवटची पानं उघडा. टिपा नसतील, किंवा ‘किरकोळ चुका दुरुस्त केल्या आहेत’ एवढ्यावर भागवलं असेल, तर ते नुसतं वाजवायचं पुस्तक.

टीप वाचायची कशी? समजा लिहिलंय की चौदाव्या बारमध्ये दुसऱ्या तारेवर हस्तलिखितात ‘सी’ आहे, संपादकाने ‘ई’ छापलाय. टॅब्लेचर म्हणजे कुठल्या तारेवर कुठला पडदा दाबायचा हे अक्षरांनी किंवा आकड्यांनी दाखवणारी लिपी. तिच्या फ्रेंच पद्धतीत ए म्हणजे मोकळी तार, बी पहिला पडदा, सी दुसरा, ई चौथा. म्हणजे संपादकाने स्वर दोन पडदे वर चढवला. मूळ पान उघडून बघा. इंग्रजी हस्तलिखितांत सी बहुतेकदा आरसारखा दिसतो, तेव्हा अक्षर खरंच संदिग्ध आहे की संपादकाच्या कानाला नुसतं खटकलं, ते दोन मिनिटांत कळतं. दोन्ही वाजवा. मला पुष्कळदा खटकणाराच बरा वाटतो.

आणखी एक पाहा: पुस्तकात टॅब्लेचर आहे का? टॅब्लेचर सांगतं स्वर कुठे आणि कधी छेडायचा. तो किती वेळ धरायचा हे सांगत नाही. स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे नेहमीच्या पाच रेघांच्या स्वरलेखनात, दिसणारी लांबी संपादकाने ठरवलेली असते. टॅब्लेचर नसलेलं संपादन मी विकत घेत नाही, कितीही मोठ्या नावाचं असो. गिटारवर वाजवायचं तर तिसरी तार जी वरून एफ शार्पला उतरवा, तिसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावा, आणि टॅब्लेचर जसंच्या तसं वाचा.

आता प्रती. मूळ पानं बरीचशी फुकट आहेत. केंब्रिजने मॅथ्यू होम्सची ल्यूटची हस्तलिखितं डिजिटल लायब्ररीवर टाकलीत, म्युनिकच्या बव्हेरियन ग्रंथालयाने आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका या संकेतस्थळानेही बरंच काही खुलं केलंय. आयएमएसएलपी या फुकट संगीतलिपींच्या संकेतस्थळावर कॉचिर्झचं १९११चं ऑस्ट्रियन ल्यूटसंगीत मिळतं. तिथलंच मॉर्फीचं १९०२चं स्पॅनिश संकलन मात्र चुकांसाठी बदनाम आहे. फुकट आहे म्हणून त्याच्या मागे लागू नका.

गोव्यातल्या माणसाने मी म्हणेन लुइस मिलानपासून सुरुवात करावी. त्याचं वाद्य विहुएला, म्हणजे गिटारसारखं दिसणारं स्पॅनिश तंतुवाद्य, पण तारांची जुळणी ल्यूटसारखीच. ‘एल माएस्त्रो’ १५३६ साली व्हॅलेन्सियात छापलं गेलं आणि अर्पण केलं कोणाला, तर पोर्तुगालच्या दों जुआंव तिसऱ्याला, म्हणजे तेव्हा जुन्या गोव्यावर ज्याचं राज्य होतं त्यालाच. पुस्तकात पोर्तुगीज गाणीही आहेत आणि गायचे स्वर टॅब्लेचरमध्येच लाल आकड्यांनी छापलेत. घरात आजोबांची पोर्तुगीज अजून जिवंत असेल तर कास्तिलियन (स्पॅनिश) सूचना अर्ध्याअधिक उमगतात. एक सावधगिरी: मिलानची सर्वांत वरची रेघ म्हणजे सर्वांत बारीक तार, इटालियन पुस्तकांत नेमकं उलटं. चिकित्सक आवृत्त्यांपैकी दोन सांगतो, लिओ श्रादची १९२७ची आणि चार्ल्स जेकब्जची १९७१ची.

विकतच्या आवृत्त्यांसाठी वर्ल्डकॅट या जगभरच्या ग्रंथालयांच्या ऑनलाइन सूचीवर संपादक आणि साल टाका, कुठल्या ग्रंथालयात प्रत आहे ते दिसतं. ताळगावच्या गोवा विद्यापीठाच्या किंवा पणजीत पाटोवरच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात विचारायला जाताना संपादक, प्रकाशक, साल, आयएसबीएन असं सगळं कागदावर लिहून न्या. ‘ल्यूटचं काहीतरी’ असं विचाराल तर काउंटरवरचा माणूस तरी काय करणार? इंग्लंडची ल्यूट सोसायटी १९५६पासून, अमेरिकेची १९६६पासून चालू आहे. इंग्लंडच्या सोसायटीचे सभासद झालात तर अंकाबरोबर टॅब्लेचरही येतं. आणि लंडन-लिस्बनला आपलं कोणी नाही असं गोव्यातलं घर विरळाच. पुस्तक त्यांच्या पत्त्यावर मागवा, चवथीला किंवा नाताळाला येताना बॅगेतून येईल. जुनी प्रत घेताना विक्रेत्याकडून शीर्षकपान आणि शेवटच्या टिपांच्या पानांचे फोटो आधी मागून घ्या, टिपांचा भाग निखळलेली प्रत स्वस्तात मिळाली तरी नको.

डाउनलोड केलेली पानं छापायची तर आडवी छापून घ्या, ए३वर. तेव्हाची बरीच पुस्तकं आडवीच होती आणि ए४वर उभी छापली की आकडे मुंगीएवढे होतात. स्पायरल प्लॅस्टिकचं घ्या. लोखंडी स्पायरल आपल्या पावसाळ्यात गंजून पानांच्या कडा तांबड्या करतं.