सॅक्रिफाइसला मराठीत काय म्हणायचं? आधी विचारा, दिलं कुणी

मी अनुवादाचं आणि सबटायटलचं काम करतो, त्यामुळे सॅक्रिफाइस हा शब्द आठवड्यातून एकदा तरी समोर येतोच, आणि माझ्या मते इंग्रजीतून मराठीत येताना सगळ्यात जास्त चुकणाऱ्या शब्दांपैकी हा एक आहे. डिक्शनरी उघडली की त्याग, बलिदान, बळी, यज्ञ, आहुती अशी रांग लागते आणि घाईत आपण हाताला येईल तो उचलतो.

माझ्याकडून झालेली चूक सांगतो म्हणजे मुद्दा लगेच कळेल. पहिल्या महायुद्धावरची एक डॉक्युमेंटरी होती, त्यात एक म्हातारा सैनिक म्हणतो की सेनापतींनी एका टेकडीसाठी हजारो पोरं सॅक्रिफाइस केली. मी लिहिलं, "एका टेकडीसाठी हजारो जवानांनी बलिदान दिलं." वाचायला भारदस्त वाटलं, पुढच्या ओळीवर गेलो. काम तपासणाऱ्या ताईंचा संध्याकाळी फोन आला, म्हणाल्या, "अरे, दिलं कुणी?" बस, एवढंच विचारलं त्यांनी. तो म्हातारा आरोप करत होता आणि मी त्याच्या तोंडी श्रद्धांजली घातली होती. वाक्य हवं होतं, "एका टेकडीसाठी सेनापतींनी हजारो पोरांचा बळी दिला." बलिदानाच्या जागी बळी आला आणि गुन्हेगार परत वाक्यात आला ना.

तेव्हापासून मी दोन प्रश्न विचारतो, दिलं कुणी आणि जे दिलं ते होतं कुणाचं. देणाऱ्याने स्वतःचं काही दिलं असेल तर त्याग, आणि स्वतःचा जीवच दिला असेल तर बलिदान. देणारा एक आणि गेला दुसराच, तर तिथे बळी. इंग्रजी एकाच शब्दात हे तिन्ही कोंबतं, मराठीत मात्र निवड करावी लागते, आणि मला हे मराठीचं बळ वाटतं कारण निवडताना खरं काय झालं ते बघावंच लागतं.

इंग्रजी शब्द मुळात लॅटिन, पवित्र आणि करणे या दोन शब्दांचा मिळून झालेला, म्हणजे एखादी वस्तू देवाच्या नावाने पवित्र करणे. त्यात सोडून देणं, कळ सोसणं वगैरे काही नव्हतं. एका गोष्टीसाठी दुसरी सोडणे हा अर्थ इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या शेवटी शेवटी दिसायला लागतो. आपल्याकडे दोन्ही गोष्टी पहिल्यापासून शेजारी होत्या. यज्ञात आहुती टाकताना "अग्नये स्वाहा, इदं अग्नये न मम" म्हणतात, त्यातला "न मम", हे आता माझं नाही, हा उच्चार म्हणजेच त्याग. आणि तो म्हणायचा यजमानाने, म्हणजे ज्याची वस्तू आहे त्याने. दुसऱ्याच्या वस्तूवर न मम म्हणून काय उपयोग, ती तुमची नव्हतीच. मला तर अख्ख्या विषयाची किल्ली या दोन शब्दांत सापडते.

आता बळी, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. नाम एक आणि क्रियापदं चार, आणि क्रियापद बदललं की माणसाची जागाच बदलते. बळी देणे म्हणजे दुसऱ्याला मारणारा किंवा मरू देणारा कुणीतरी आहे. बळी जाणे म्हणजे माणूस गेला, दोष कुणाचा ते वाक्य सांगत नाही ("पुरात तिघांचा बळी गेला"). बळी घेणे यात कारणच कर्ता होतं, "उष्माघाताने दोघांचा बळी घेतला". आणि बळी पडणे यात जीव जायलाच हवा असं नाही, आमिषाला बळी पडतात, अफवेला बळी पडतात. त्यामुळे "धरणासाठी गाव सॅक्रिफाइस केलं" असं वाक्य आलं तर "गावाचा बळी दिला" आणि "गावाचा बळी गेला" यात जमीनअस्मानाचा फरक आहे, दुसऱ्यात निर्णय घेणारे गुपचूप गायब होतात. "गावाने त्याग केला" हे तर गावाला खरंच विचारलं होतं आणि गाव हो म्हणालं होतं तरच लिहा, प्लीज.

भूकबळी, हुंडाबळी या शब्दांत तर देवाचा काहीच संबंध उरलेला नाही, तिथे बळी म्हणजे नुसता ज्याच्यावर आघात झाला तो. इंग्रजीतल्या व्हिक्टिमचंही असंच झालंय, लॅटिनमध्ये तो यज्ञात मारायच्या जनावराला म्हणायचा शब्द होता. आणि क्रिकेटच्या बातमीत गोलंदाज पाच बळी घेतो ते तर आपल्याला खटकतही नाही.

बळीचा बकरा या शब्दाशी एक गंमतीशीर फरक जोडलेला आहे. त्यासाठी इंग्रजीत स्केपगोट म्हणतात, तो शब्द विल्यम टिंडेलने १५३० मध्ये बायबलच्या अनुवादात घडवला. तिथल्या विधीत बकरे दोन, एकाला मारायचं आणि दुसऱ्यावर सगळ्यांची पापं ठेवून त्याला जिवंत रानात सोडायचं, स्केपगोट तो दुसरा. आपला बळीचा बकरा मात्र मरणारा. म्हणजे नोकरीवरून काढलेल्या माणसाला दोन्ही भाषांत बकराच म्हणतात पण डोळ्यासमोर येणारं चित्र वेगळं. नेहमीच्या वापरात चालून जातं, बायबलवरचा मजकूर असेल तर जपून.

आणि जिथे मारलेल्या माणसांबद्दल बोलताय तिथे थोडं थांबाच. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या नरसंहाराला होलोकॉस्ट म्हणतात, तो मूळ ग्रीक शब्द, अर्थ संपूर्ण जाळून केलेलं अर्पण. म्हणूनच अनेक ज्यू लोक तो शब्द वापरत नाहीत, ते शोआ म्हणतात, हिब्रूत त्याचा अर्थ सर्वनाश. त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं, लाखो लोकांच्या खुनाला अर्पण कसं म्हणणार, ते कुणाला आणि कुणी अर्पण केलं? त्यामुळे नाझी छळछावण्यांच्या संदर्भात बलिदान हा शब्द कधीच नको, हत्या म्हणा, कत्तल म्हणा, नरसंहार म्हणा.

त्याग हा शब्द सोपा वाटतो पण आपण तो फार उधळतो. "तिने संसारासाठी करिअरचा त्याग केला" हे वाक्य मी किती वेळा खोडलंय त्याला गणती नाही. तिने ठरवून सोडलं का? की दुसरा इलाजच नव्हता? इलाज नव्हता तर "करिअर सोडावं लागलं" हेच खरं मराठी आहे, त्याला त्यागाची शाल पांघरू नका. गीतेच्या अठराव्या अध्यायात तर स्पष्ट आहे की कष्ट होतील या भीतीने कर्म सोडलं तर तो राजस त्याग, त्याला त्यागाचं फळ मिळत नाही. म्हणजे सोडलं एवढ्यावर भागत नाही, का सोडलं ते बघावं लागतं. ठरवून आणि कायमचं सोडलं असेल तर "पाणी सोडलं" फार छान बसतं, "नोकरीवर पाणी सोडलं". तिलांजली मात्र वाईट सवयींसाठी ठेवा, ती मुळात मेलेल्याला देतात, त्यामुळे "मुलांसाठी स्वप्नांना तिलांजली दिली" यात लिहिणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा जास्त मरण आहे.

आईबापांबद्दल सॅक्रिफाइस आलं की माझा हात त्यागाकडे जातच नाही. आपल्याकडे यासाठी किती जिवंत बोलणं आहे, खस्ता खाल्ल्या, पोटाला चिमटा काढला, पदरमोड केली, हाडाची काडं केली. पदरमोड फक्त पैशाची, खस्ता सगळ्याच कष्टांच्या, हे तेवढं सांभाळा. एका सिरीजमध्ये मुलगी वडिलांना म्हणते की मला माहितेय तुम्ही किती सॅक्रिफाइस केलंय, तिथे मी "तुम्ही माझ्यासाठी किती खस्ता खाल्ल्यात ते माहितेय मला" केलं आणि ते वाक्य पडद्यावर तिच्या ओठातून आल्यासारखं वाटलं.

कुर्बानी अरबीतून आलेला, त्याच्या मुळाशी जवळ जाणं आहे, अर्पण करून देवाच्या जवळ जाणं. हिब्रूतला कोर्बानही त्याच मुळाचा. त्या धर्मांच्या संदर्भात तोच शब्द ठेवा, यज्ञ नको. आत्मसमर्पण हा शब्द सेल्फ सॅक्रिफाइससाठी टाळा, बातम्यांत त्याचा अर्थ शरण येणं असा झालाय. आणि स्पेलिंग बलिदान, पहिली वेलांटी, बलीदान नाही.

खेळात गोष्ट वेगळी, तिथे त्यागाचा हिशोब मांडता येतो. बेसबॉलमध्ये फलंदाज मुद्दाम बंट मारून, म्हणजे चेंडूला बॅट नुसती टेकवून, स्वतः बाद होतो आणि धावणारा साथीदार पुढच्या बेसवर पोचतो, याला सॅक्रिफाइस बंट म्हणतात आणि त्याने फलंदाजाची सरासरी खाली येत नाही. बुद्धिबळात १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये १३ वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्नविरुद्ध सतराव्या चालीला आपला वजीर मारू दिला, बदल्यात एक हत्ती, दोन उंट आणि एक प्यादं मिळवलं आणि शेवटी मात केली. इथे "वजिराचा बळी दिला" एकदम बरोबर, कारण वजीर काही स्वतःहून गेला नाही. "वजिराने बलिदान दिलं" लिहिलं तर लहान मुलांची गोष्ट वाटेल.

टेक्निकल मजकुरात सॅक्रिफिशियल अ‍ॅनोड येतो. पोलादी जहाजाच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात, जस्त आधी झिजतं आणि पोलाद वाचतं. हम्फ्री डेव्ही या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८२४ मध्ये हीच युक्ती लाकडी जहाजांच्या तळाला ठोकलेल्या तांब्याच्या पत्र्यांसाठी सुचवली. तांबं झिजायचं थांबलंही, पण तांबं पाण्यात उतरत होतं म्हणूनच शिंपले आणि शेवाळ तळाला धरत नव्हतं, ते धरायला लागलं आणि जहाजं मंदावली. अशा ठिकाणी त्यागी, बलिदानी असलं काही करू नका, "झिजण्यासाठी लावलेला जस्ताचा ठोकळा" लिहा, कामगाराला लगेच कळतं.

आणि कधी कधी मूळ वाक्यच सांगत नाही की दिलं कुणी. "सॅक्रिफाइसेस वेअर मेड", झालं, कर्ताच नाही. अशा वेळी मी आधी मागचापुढचा मजकूर वाचतो, तरी नाही कळलं तर लेखकाला मेल टाकतो, आणि तेही शक्य नसेल तर "बऱ्याच जणांना बरंच सोसावं लागलं" एवढंच लिहून पुढे जातो.