व्हॅक्युम क्लीनर ओढेनासा झाला? मोटर उघडण्याआधी हे तपासा

व्हॅक्युम क्लीनर धूळ ओढेनासा झाला की ‘मोटर गेली’ म्हणून तो माळ्यावर जातो. बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते, हवेचा रस्ता बंद झालेला असतो. म्हणून तपासताना आधी हवा, मग वीज आणि सगळ्यात शेवटी मोटर बघा. स्टार स्क्रूड्रायव्हर, जुना टूथब्रश आणि साधा डिजिटल मल्टिमीटर एवढ्यावर बरंच काम होतं. वॉरंटी चालू असेल तर मात्र स्क्रूला हात लावू नका.

खान्देशात हवेचा हा रस्ता लवकर तुंबतो. काळ्या मातीचा फुफाटा फार बारीक. उन्हाळी वाऱ्यात तो बंद खिडकीच्या फटीतूनही आत येतो. त्यामुळे पिशवी अर्धी रिकामी दिसते, पण कापडाची छिद्रं बुजलेली असतात. भाव वाढेल म्हणून ज्या घरांत कापूस रचून ठेवतात, तिथे रुईचे तंतू पाइपच्या वळणात अडकतात, त्यांत केस गुंततात आणि घट्ट बोळा बसतो.

आधी कानाने तपासा. आवाज नेहमीपेक्षा चढा, किणकिणा आणि ओढ कमी, म्हणजे रस्ता तुंबलाय. हवा मिळाली नाही की मोटरवरच्या पंख्याचा भार घटतो आणि मोटर जास्त वेगाने फिरते. आवाज जड, खर्जातला असेल तर व्होल्टेज किंवा बेअरिंगकडे बघा. मे महिन्यात संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर सुरू झाल्यावर ओढ कमी वाटत असेल, तर तेच मशीन सकाळी चालवून पाहा; तेव्हा ओढ चांगली असेल तर दोष व्होल्टेजचा.

आता पाइप काढा आणि मशीनच्या तोंडावर तळहात धरा. हात जोरात खेचला गेला तर अडथळा लवचिक पाइपमध्ये किंवा पुढच्या ताठ नळीत आहे. पाइपच्या एका टोकातून गोटी सोडा. दुसरीकडून बाहेर पडली नाही, तर बोळा तिथेच. तो काढायला लोखंडी तार घालू नका, पाइप आतून फाटतो. मशीनला ब्लोअरचं तोंड असेल तर पाइपचं मशीनकडचं टोक त्याला धरा, दुसऱ्या टोकाला जुनी पिशवी बांधा आणि मशीन चालवा. हवा उलटी गेल्यावर बोळा सहसा सुटतो. पाइप हँडलजवळ चिरला असेल तर चिरलेला भाग कापून टाका. टोकाची टोपी बहुतेक मशीनमध्ये आट्यांवर बसते, ती फिरवून काढा आणि उरलेल्या पाइपवर परत बसवा. चिकटपट्टी चार दिवसांची.

पाइप काढूनही ओढ नसेल तर दोष पिशवीत, फिल्टरात किंवा झाकणाच्या रबरात. कापडी पिशवी घराबाहेर उलटी करून झटका, शिवणीतली धूळ ब्रशने काढा. फोमचा फिल्टर कोमट पाण्यात साबणाशिवाय दाबून दाबून धुवा, पिळू नका. मग सावलीत पूर्ण २४ तास वाळवा. इकडच्या कडक उन्हात तो तासाभरात वाळतो खरा, पण अशा उन्हात सारखा टाकला की फोम भुरभुरीत होतो आणि त्याचेच कण मोटरकडे जातात. ओलसर फिल्टर लावला तर धुळीचा चिखल होऊन छिद्रं कायमची बुजतात. हेपा फिल्टरवर (अगदी बारीक धूळ अडवणारा घड्यांचा फिल्टर) धुता येतो असं छापलेलं असेल तरच धुवा. नसेल तर हलकेच आपटून धूळ काढा, किंवा नवा आणा. झाकणाचं रबर ओल्या फडक्याने पुसा. तिथे रुईचा एक तंतू आडवा राहिला तरी हवा गळते.

रांगोळी, पुट्टीची भुकटी, सिमेंट आणि राख यांना झाडूच बरा. दिवाळीत अंगणातली रांगोळी मशीनने ओढली की दगडाची ती भुकटी फिल्टरात रुतते आणि फाटक्या पिशवीतून थेट मोटरपर्यंत जाते.

मशीन चालता चालता गप्प झालं आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा सुरू झालं, तर आतला थर्मल कटआउट, म्हणजे मोटर तापली की वीज तोडणारा स्विच, पडला होता. फक्त कोरडी धूळ ओढणाऱ्या मशीनमध्ये ओढलेली हवाच मोटरला थंड करते, त्यामुळे तुंबलेली पिशवी मोटर तापवते. अशा वेळी कटआउट बदलू नका, तुंबलेलं साफ करा. वायर रीळवर गुंडाळलेली असली तरी तापते. पिवळी खूण दिसेपर्यंत ती बाहेर ओढा. लाल खुणेपुढे ओढू नका.

मशीन अजिबातच चालत नसेल तर आधी त्या सॉकेटवर दुसरं काही लावून पाहा. १२०० वॅटचं मशीन साधारण ५ अँपिअर घेतं. सैल सॉकेट किंवा स्वस्त एक्स्टेन्शन बोर्ड एवढ्याला वितळतो. मग प्लग काढून घ्या. नुसता स्विच बंद करून भागत नाही. मल्टिमीटर ओहमवर (विजेचा रोध मोजायच्या खुणेवर) ठेवा, मशीनचा स्विच चालू स्थितीत ठेवा आणि प्लगच्या दोन पिनांवर टोकं लावा. वेगाचं बटण नसलेल्या मशीनमध्ये काही ओहम दिसले पाहिजेत. काहीच दिसत नसेल तर वायर प्लगजवळ आणि मशीनमध्ये शिरते तिथे हलवत पाहा, ती तिथेच तुटते. आकडा उड्या मारू लागला की तुटलेली जागा सापडली. ती प्लगजवळ असेल तर तेवढा तुकडा कापून नवा प्लग बसवा. रीळची डबी मात्र उघडू नका, आतली पोलादी स्प्रिंग सुटली की हात फाडते.

वायर आणि स्विच धड असतील तर कार्बन ब्रशची, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांची पाळी. मशीन उघडण्याआधी प्लग काढून पाच मिनिटं थांबा आणि खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या. मोटरच्या दोन बाजूंना दोन ब्रश असतात. नवा कार्बन साधारण ३० मिलिमीटरचा असतो; ८ ते १० मिलिमीटर उरला की दोन्ही एकदमच बदला. जुना ब्रश दुकानात सोबत न्या, कारण रुंदी आणि जाडी तंतोतंत जुळायला हवी. सैल ब्रश ठिणग्या टाकतो, घट्ट बसलेला त्याच्या खोबणीत अडकतो. तांब्याच्या पट्ट्यांचा गोल कॉम्युटेटर काळा पडला असेल तर ६०० नंबरचा काचकागद हलकेच फिरवा. एमरी कागद नको, त्याचे कठीण कण पट्ट्यांमधल्या खाचांत रुततात. खाचांतली काजळी टूथब्रशने झाडा. सगळं जोडून झाल्यावर पाइप न लावता १० मिनिटं चालवा, म्हणजे नव्या ब्रशचं टोक गोलाईला बसतं.

ब्रशखाली बारीक निळसर ठिणग्या दिसतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण कॉम्युटेटरभोवती ठिणग्यांचं आख्खं कडं फिरत असेल आणि व्हार्निश जळल्याचा वास येत असेल, तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग, गेलं. बेअरिंग खरखरत असेल तरी काम मेकॅनिकचंच. पंख्याचा नट कधी कधी उलट्या आट्यांचा असतो आणि जोर लावला की पंखा वाकतो. नवी मोटर घ्यायची ठरलीच तर नुसते वॅट सांगू नका. जुनी मोटर काढून दुकानात न्या आणि तिची उंची, पंख्याच्या डबीचा व्यास आणि बुडाचं रबर नव्या मोटरशी जुळवून घ्या.